झऱ्याचा रकाना

"घ्या म्याडम, डोंगराचं टपाल!"

बाबू झोरेनं दुधाचे दोन्ही कॅन डेअरीच्या कट्ट्यावर टेकवले आणि एका कॅनच्या कडीत खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे धरली. आत वहीचं एक पान होतं, चार घड्या घातलेलं. दमट, आणि दुधाचा नि चुलीच्या धुराचा वास मारणारं.

मी ते उलगडलं. पेन्सिलीनं आखलेले चार रकाने. तारीख. पाऊस : १२२. भेग : ४१. झरा : आणि पुढे एकच शब्द.

"काय म्हनतोय डोंगूर?"

"ठीक म्हणतोय."

"मग बेस झालं." बाबूनं अंगावरची प्लास्टिकची खोळ झटकली. ओटीभर पाणी सांडलं.

"वाडीत सगळं बरं ना, बाबूभाऊ?"

"बरं म्हंजी काय. पाऊस हाय. आमचं दार लागंना झालंय चार दिस. आबा म्हनतो लाकूड फुगलं. उघडंच निजतो झालं. चोर तरी यवढं चढून कशाला येतोय, जळवा लावून घ्यायला?"

मी हसले. त्या शुक्रवारी सकाळी मी हसले होते, हे मला अगदी नीट आठवतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि डोंगर का घसरतात यावर पीएचडी करत होते. आमच्या विभागानं उपग्रहाच्या रडारची सात वर्षांची चित्रं एकावर एक ठेवून पाहिली होती. शिरसवणे गावाच्या वर, दीड तासाच्या चढणीवर गवळी धनगरांची नऊ घरं होती, आणि ती ज्या उतारावर होती तो अख्खा उतार वर्षाला बोटाच्या पेराएवढा खाली येत होता. घरांसकट, झाडांसकट, म्हशींसकट. असे उतार कधी पन्नास वर्षं तसेच रांगत राहतात, तर कधी एका दुपारी सगळेच्या सगळे उतरतात. कोणता कधी उतरेल, हे आधी कळेल का, एवढाच आमचा प्रश्न होता.

त्यासाठी वर एक महागडं यंत्र बसवलं होतं. ते जूनमधल्या विजेत जळलं. मग उरली सगुणाबाई.

सगुणाबाई म्हणजे बाबूची वहिनी. वाडीत सातवीपर्यंत शिकलेली ती एकटीच बाई. नवरा पुण्यात हॉटेलात कामाला, घरी सासरा धाकूबा, दीर बाबू आणि अकरा म्हशी. मी तिला मापाची बाटली दिली, पाऊस मोजायला. वाडीच्या मागच्या भेगेच्या दोन्ही काठांवर लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि टेप दिला. झऱ्यासाठी मात्र काहीच यंत्र नव्हतं. नुसते डोळे.

पहिल्या पंधरवड्यात तिनं त्या रकान्यात रोज 'बेस' असं लिहिलं.

"सगुणाताई, बेस नको हो," मी एकदा वर गेले तेव्हा म्हणाले. "हे कागद पुढे पुण्याला जातात. मोठे लोक वाचतात. नीट शब्द लिहीत जा."

"नीट म्हंजी?"

"म्हणजे पुस्तकातला. पाणी जसं असेल तसं, नेमका शब्द."

"बरं बाय." तिनं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि झऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. "पानी जसं आसंल तसा शबुद. बघते."

त्यानंतर 'नितळ' आलं. मग सोमवारपासून हा शब्द. तिचं अक्षर वरच्या रेघेशिवायचं, ओल्या कागदावर पेन्सिल पसरलेली, पण मला वाचायला क्षणभरही लागला नाही. 'ठीक'. मला तर बरंच वाटलं. आपण सांगितलेलं बाईनं मनावर घेतलं, आता आमच्यासारखं लिहायला लागली.

हे लिहिताना मधेच उठावं लागलं. झोळीची दोरी हलायची थांबली की आतून लगेच तक्रार येते. आता परत निजली आहे. फार तर अर्धा तास.

तर, शुक्रवार. आमचा नियम सोपा होता. माझे मार्गदर्शक पिंगळे सर म्हणायचे, पोरासोरांना कळेल असा नियम हवा. तीन खुणा : तीन दिवसांचा पाऊस, भेग आणि झरा. तीनपैकी दोन बिघडल्या तर वाडी खाली आणायची. एक बिघडली तर थांबायचं. हा नियम आम्ही आदल्या वर्षीच्या अनुभवावरून घट्ट केला होता. त्या वर्षी नुसत्या पावसावरून तीन दिवस सगळ्यांना खाली शाळेत आणून बसवलं होतं. डोंगर हलला नाही. म्हशींची धार वेळेवर निघाली नाही, दोन म्हशी आटल्या, आणि धाकूबानं मला शाळेच्या पायरीवर सगळ्यांसमोर विचारलं होतं, "म्याडम, तुमच्या कागदात म्हशीचा रकाना हाय का?"

दहा वाजता तलाठी भाऊसाहेबांचा फोन आला.

"मॅडम, वरून विचारणा आहे. पाऊस लागून राहिलाय. वाडी हलवायची का? तुमचं काय म्हणणं?"

मी पाचही दिवसांचे कागद डेअरीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडले. पाऊस केव्हाच बिघडला होता. भेग एकेचाळीसवर, एक सेंटीमीटरही वाढलेली नाही. झरा ठीक, ठीक, ठीक, ठीक, ठीक.

"तीनपैकी एक आहे," मी म्हणाले. "एवढ्यात नको. गेल्या वर्षीसारखं झालं तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही."

"ते बाकी खरं. तुम्ही सांगताय ना, मग झालं."

फोन ठेवल्यावर मी चहा प्यायले. समोरचा डोंगर ढगात होता. त्याचा पायथा तेवढा दिसत होता, आणि वर काहीच नाही, जणू कुणी पुसून टाकलं होतं.

शनिवारी बाबूच्या हातात दोन कॅनशिवाय एक स्टीलचा डबा होता. चेहरा फुललेला.

"वहिनीनं दिलंय तुमाला. काल आमची चांदी व्याली. रेडी झालीया. पैल्या धारंचं हाय, सांडू नका."

झाकण उघडलं. आत घट्ट, पिवळसर दूध. झाकणाला आतून चिकटलेली चिठ्ठी, तशाच पेन्सिलीची. मी ती सोडवून वाचली.

'म्याडमना चीक. गूळ येलदोडा घालून खरवस करने. डबा धुऊन ठेवने.'

मी हसून चिठ्ठी खाली ठेवली आणि रोजचा कागद उघडला. पाऊस : १४०. भेग : ४१. झरा :

पुढे तोच शब्द.

मी चिठ्ठी पुन्हा उचलली आणि दोन्ही कागद शेजारी धरले. चिठ्ठीत 'ठेवने' होतं. तिचा ठ गोल होता, बांगडीसारखा, पूर्ण मिटलेला. आणि वरच्या ओळीतल्या 'चीक'मधलं च हे अक्षर, डाव्या बाजूला उघडं, पोट पुढे काढलेलं. झऱ्यापुढे तेच होतं. आजच्या कागदावर तेच. मी पिशवीतून मागचे कागद काढले. शुक्रवारी तेच. गुरुवारी तेच. सोमवारपासून तेच.

"बाबूभाऊ, झऱ्याचं पाणी कसं येतंय?"

"आं?"

"पाणी. झऱ्याचं. कसं दिसतंय?"

"धवळं," तो म्हणाला. "चिकावानी. सोमवारधरनं. बाया हसत्यात, म्हनत्यात चांदीच्या आधी झराच व्याला." मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू ओसरलं. "का वं? तुमाला ठावं हाय की. वहिनी रोज लिवतीया."

त्या डोंगराच्या पोटात, तांबड्या दगडाखाली, पांढऱ्या शाडूसारख्या मातीचा एक थर आहे. मी स्वतः तो खणून पाहिला होता. वरचा सगळा उतार त्या थरावर बसलेला. पाणी त्यात शिरून ती माती कालवू लागलं की झरा पांढरा होतो. सहा दिवस डोंगर आपल्या बुडाची माती धुऊन बाहेर टाकत होता, आणि सहा दिवस मला रोज सकाळी नेमका शब्द मिळत होता.

मी भाऊसाहेबांना फोन लावला.

"दोन खुणा झाल्यात. वाडी आत्ता खाली आणायला हवी."

"अहो, काल तर तुम्ही..."

"काल माझं चुकलं. मी निघाले वर. तुम्ही माणसं पाठवा."

चढताना बाबू पुढे होता. निम्म्यावर एक किंजळाचं झाड होतं, तिथे आम्ही नेहमी टेकायचो. ते आता वाटेवर कललं होतं, मुळं एका अंगानं ताणलेली, धुवायच्या दोरीसारखी. बाबूनं त्याच्या खोडावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

सगुणाबाई झऱ्यावरच भेटली. हंडा भरत होती. हंड्यातलं पाणी मी पाहिलं. तळ दिसत नव्हता.

"खरवस केला न्हाई व्हय, इतक्यात आलात?"

"सगुणाताई, हे गढूळ आहे. गढूळ का नाही लिहिलंत?"

"गढूळ कुठं?" ती चकित झाली. "गढूळ तांबडं आसतं. वढा गढूळ हाय. ह्ये तसलं न्हवं. तुमीच म्हनलात, पानी जसं आसंल तसा शबुद लिव. लय इचार केला म्या. ह्ये चिकावानीच हाय. म्हनून चीक लिवलं." तिनं ओंजळीत पाणी घेऊन माझ्यापुढे धरलं. "चुकलं का?"

"नाही. तुमचं नाही चुकलं."

"मग?"

"भेग कशी आहे?"

"ती हाय तेवढीच हाय. पन वरल्या अंगाला, कारवीत, नवी पडलीया. हात जातोय आत."

"ती नाही लिहिलीत?"

"तिला रकाना कुठं दिलाता तुमी?"

पुढचे दोन तास सगळे धावत होते. नऊ घरं, सदतीस माणसं. आदल्या वर्षीच्या रागानं कुणी दोन शब्द बोललं, पण सगुणाबाई दारोदार जाऊन एकच सांगत होती, "चला, म्याडम सोता आल्यात." पोरं पाठीवर, कोंबड्या टोपलीत. म्हशी सोडल्या तर त्या आपणहून खालच्या वाटेला लागल्या, कुणी न हाकता. म्हशी अशा एका रांगेत, न हंबरता चालताना मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

धाकूबा गोठ्यात होता. चांदीच्या अंगाला वाळक्या गवतानं चोळत होता. रेडकू तिच्या पोटाशी, अजून पाय थरथरणारं.

"आबा, चला," सगुणाबाई म्हणाली.

"वली म्हस पाच दिस एकटी सोडत न्हाईत."

"तिलाबी घिऊन चला."

"उतरंल व्हय ती ह्या निसरड्यात? काल व्यालीया. मोडंल." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "गेल्या साली नेलंत. तीन दिस साळंत बसिवलंत. डोंगूर हितंच हुता. ह्या खेपंला खरं हाय?"

"खरं आहे, आबा. मी हात जोडते."

"काल इचारलं आसतं, तर काय म्हनाला आसतात?"

"एवढ्यात नको," मी म्हणाले. त्यानं मान हलवली.

"तुमी व्हा म्होरं. हिचं आंग सुकू दे. सांजच्याला रेडकू खांद्यावर घिऊन येतो, ती मागनं येतीया आपसूक. आईच ती. ऱ्हातीया कुठं?"

बाबूनं त्याला धरून ओढायचा प्रयत्न केला. म्हाताऱ्यानं मुलाच्या हातावर गवताचा बोळा मारला. "जा म्हनलं ना! पोरं पोचीव आदी!"

आम्ही पोरं पोचवायला उतरलो. बाबू म्हणाला, पोचवून लगेच परत येतो, दोन माणसं आणि दोरखंड घेऊन.

ओढ्यापलीकडे शाळेत सगळी आत गेली तेव्हा पावणेतीन झाले होते. भाऊसाहेबांची माणसं आली, यादी सुरू झाली. बाबू दोरखंड खांद्यावर टाकून निघाला आणि ओढ्याच्या काठावर थबकला.

"म्याडम, वढा का थांबला?"

सकाळपासून कानठळ्या बसवणारा ओढा खरंच गप्प झाला होता. दगडांतून पाणी बारीक होत होतं, नळ बंद केल्यासारखं. वर कुठेतरी काहीतरी त्याच्या वाटेत येऊन बसलं होतं. मी बाबूच्या खांद्यावरचा दोरखंड धरला. त्यानं हिसडा दिला, मी सोडला नाही. तो मला शिव्या देत होता, बापाचं नाव घेत होता, आणि मी दोन्ही हातांनी तो दोर धरून काठावर बसले होते.

आधी वास आला. ताज्या उकरलेल्या मातीचा, इतका दाट की शाळेतल्या बायका नाकाला पदर लावून बाहेर आल्या. मग आवाज. ढगात काही दिसलं नाही. नुसता आवाज, आणि पायाखाली शाळेचा ओटा थरथरत होता, त्या रेडकाच्या पायांसारखा.

तो थांबल्यावर शिरसवण्याचे लोक धावत आले. "कोन कोन वाचलं?" एक जण ओरडत होता. "कोन कोन वाचलं?"

छत्तीस.

तिसऱ्या दिवशी सगुणाबाई शाळेच्या पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसली. सुतकामुळे कपाळ कोरडं, डोळेही कोरडे. मांडीवर आमची ती वही. चार रकाने आखलेली पानं अजून बरीच शिल्लक होती.

"बाबू म्हनतोय, माझं अक्षर लागलं न्हाई तुमाला."

"नाही लागलं," मी म्हणाले. "मला वाटलं 'ठीक' लिहिलंय."

तिनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला.

"ठीक," ती म्हणाली. "आमी न्हाई म्हनत तसं. आमी बेस म्हनतो." मग वही मिटून तिनं माझ्या मांडीवर ठेवली. "म्या बी वाट बघितली. म्हनलं, लिवलंय तर म्याडम कायतरी बोलत्याल. तुमी काय बोलला न्हाई, म्हंजी भ्यायाचं काय न्हाई. आबाबी त्येच म्हनला." मग अगदी हळू, रागानं नाही, ती म्हणाली, "लागलं न्हाई तर इचारायचं की, बाय."

पिंगळे सरांनी अहवालात 'नोंद अस्पष्ट' असं सुचवलं होतं. मी लिहिलं : नोंद अचूक होती, वाचणारीची चूक. पदवी मिळाली. आता निरीक्षकांनी आपल्या बोलीत लिहावं, रोज फोनवरून ते वाचून दाखवावं, आणि एक रकाना नुसता मोकळा ठेवावा, असा नियम दोन तालुक्यांत चालतो. तो नियम कुणाचा, हे कुठे लिहिलेलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात मला मुलगी झाली. पहिल्या दिवशी दवाखान्यातली मावशी तिला माझ्या छातीशी लावत म्हणाली, "पिवळा दिसतो म्हणून पिळून टाकू नका हं, चीक आहे तो. त्यातच सगळं असतं." मी रडायला लागले. तिला वाटलं टाके दुखतायत.

पंधरा दिवसांनी आरोग्य केंद्राच्या आशाताई घरी आल्या. बाळाला तोललं, अंगाला हात लावला, आणि कार्डावर रकाने भरले. वजन, ताप, अंगावर पिणं. शेवटच्या रकान्यात एक शब्द लिहून कार्ड माझ्याकडे सरकवलं.

मी ते घेतलं नाही.

"काय लिहिलंत?"

"वाचा की."

"तुम्ही वाचून दाखवा. मोठ्यानं."

"अगं बाई, एवढ्या शिकलेल्या तुम्ही!" त्या हसल्या. "ठीक लिहिलंय. बाळ ठीक आहे."

"ठ?"

"ठ. ठशातला ठ. आणखी काय असणार?"

मी मान हलवली. मग उठले, झोळीपाशी गेले आणि दुपटं बाजूला करून स्वतः बघितलं.